बाइट किती वेळ थांबतो

लहान यंत्रावर न्यूरल नेटवर्क चालवायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॉडेल केवढं आहे?" अमुक केबींचं, तमुक एमबींचं असं उत्तर मिळालं की विचारणाऱ्याचं आणि सांगणाऱ्याचं दोघांचंही समाधान होतं. या कामात जसजसा मुरत गेलो तसतसा मला हा प्रश्न अपुरा वाटू लागला. मॉडेलमधला कुठला आकडा मेमरीत किती वेळ थांबून राहतो, हे आधी विचारायला हवं. मेमरी वाचवण्याच्या ज्या युक्त्या मला मनापासून आवडतात, त्या बहुतेक सगळ्या या एका प्रश्नातून निघतात.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये मावलेला छोटा संगणक. त्यात मेमरी दोन जातींची असते. फ्लॅश आणि रॅम. फ्लॅशमधलं वीज गेली तरी टिकतं, पण तिथे क्षणाक्षणाला लिहिता येत नाही. रॅममध्ये हवं तितक्यांदा लिहा, पुसा, पण ती महाग आणि म्हणून थोडी. आर्डुइनो नॅनो ३३ बीएलई सेन्स या बोर्डावर १ एमबी फ्लॅश आहे आणि रॅम २५६ केबी. रास्पबेरी पाय पिकोवर फ्लॅश २ एमबी, रॅम २६४ केबी. नेटवर्कने शिकून ठरवलेले आकडे, म्हणजे वेट्स, चालताना बदलत नाहीत. ते फ्लॅशमध्ये पडून राहिले आणि तिथूनच वाचले तरी चालतं. रॅम लागते ती मधल्या आकड्यांना, एका थरातून निघून पुढच्या थरात जाणाऱ्या ॲक्टिव्हेशनना. फडताळात डबे कितीही असोत, स्वयंपाक अडतो तो ओट्यावर एका वेळी किती पातेली मांडावी लागतात यावर.

माझ्या पिढीतल्या अनेकांनी ही शिस्त ८०५१ वर शिकली. इंटेलने १९८० मध्ये काढलेली ही चिप पुढे कितीतरी वर्षं आपल्या पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रॅक्टिकलमध्ये टिकून होती. आत ४ केबी रॉम आणि १२८ बाइट रॅम. त्या १२८ मधले पहिले ३२ बाइट रजिस्टरांच्या चार बँकांचे, पुढचे १६ सुट्या बिटांसाठीचे, म्हणजे मोकळे उरले ८०. अर्धवट कामांच्या नोंदी ठेवणारा स्टॅकही त्यातच. एवढ्यात सी भाषेतला प्रोग्रॅम कसा बसायचा? केल कंपनीचा सी५१ कंपायलर यासाठी एक फार सुंदर गोष्ट करायचा. कुठलं फंक्शन कुणाला बोलावतं याचं झाड तो तयार करी. जी दोन फंक्शनं एकमेकांना कधीच बोलावत नाहीत, त्यांची आतली व्हेरिएबल एकाच वेळी जिवंत असूच शकत नाहीत. मग प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारा लिंकर दोघांना तीच जागा देई. आमचे सर फळ्यावर ते झाड काढायचे, फांद्यांच्या टोकांशी बाइट लिहायचे आणि म्हणायचे, "बेरीज करू नका, सगळ्यात जड फांदी शोधा." परीक्षेसाठी म्हणून ते उतरवून घेतलं होतं. पुढची सगळी नोकरी त्या एका वाक्यावर निघाली, असं म्हटलं तरी चालेल.

पुढे मायक्रोकंट्रोलरवर नेटवर्क चालवणाऱ्या गूगलच्या टेन्सरफ्लो लाइट मायक्रो या सॉफ्टवेअरचा कोड वाचायला बसलो तेव्हा तेच झाड नव्या कपड्यांत समोर आलं. हे सॉफ्टवेअर चालताना मेमरी मागतच नाही. सुरुवातीलाच तुम्ही त्याला बाइटांचा एक सलग पट्टा द्यायचा. त्याला तिथे ॲरिना म्हणतात. मग त्यातला प्लॅनर प्रत्येक टेन्सर, म्हणजे थराथरांमधून जाणारा आकड्यांचा गठ्ठा, कुठल्या पायरीला जन्मतो आणि कुठल्या पायरीला शेवटचा वाचला जातो हे बघतो, मोठे टेन्सर आधी घेतो आणि ज्यांच्या वेळा एकमेकांवर येत नाहीत त्यांना एकाच जागी बसवतो. एकदा बसवून झालं की यंत्र कितीही महिने चालू राहिलं तरी ती मांडणी हलत नाही. ज्यांनी शेतात किंवा कारखान्याच्या छतावर डबा बसवून घरची वाट धरली आहे, त्यांना या हमीची किंमत कळते. चालताना मेमरी मागायची आणि परत करायची मुभा ठेवली, तर मधेमधे भोकं पडत जातात आणि एखाद्या दिवशी एकूण जागा शिल्लक असूनही सलग जागा मिळत नाही. तो दिवस नेमका तिथे कुणी नसताना येतो.

आता एक हिशेब जरा जवळून बघू, कारण तो केल्याशिवाय ही गोष्ट अंगात मुरत नाही. मोबाइलनेट व्ही२ हे २०१८ चं नेटवर्क फोनसाठी म्हणून बनवलं गेलं आणि आजही पुष्कळ जण तिथूनच सुरुवात करतात. त्याला १६० बाय १६० चा रंगीत फोटो द्या, प्रत्येक आकडा ८ बिटांचा. फोटोचे झाले ७६,८०० बाइट. पहिला थर फोटो निम्म्या मापाचा करून ३२ चॅनेल, म्हणजे त्याच फोटोची ३२ वेगवेगळी रूपं, काढतो: ८० गुणिले ८० गुणिले ३२, म्हणजे २,०४,८०० बाइट. या थराची वेट्स किती? ३ गुणिले ३ गुणिले ३ गुणिले ३२, म्हणजे फक्त ८६४. आता शेवटाकडे या. तिथे ३२० चॅनेलांवरून १,२८० वर नेणारा एक थर आहे. त्याची वेट्स ४,०९,६००, आणि त्यातून बाहेर पडतात ५ गुणिले ५ गुणिले १,२८०, म्हणजे ३२,००० बाइट. नेटवर्कच्या एका टोकाला वेट्स नगण्य आणि मधले आकडे अवाढव्य, दुसऱ्या टोकाला बरोबर उलटं. फाइलचा आकार बघून रॅमचा अंदाज बांधणारा माणूस यातलं काहीच पाहत नसतो.

सगळ्यात जड फांदी अजून पुढेच आहे. पहिल्या थरानंतर लवकरच १६ चॅनेलांचे सहापट, म्हणजे ९६ केले जातात, आणि तेही ८० बाय ८० वरच. ६,१४,४०० बाइट. लगेच पुढची पायरी ते वाचून ४० बाय ४० वर ९६ चॅनेल लिहिते, आणखी १,५३,६००. या एका क्षणाला ७,६८,००० बाइट जिवंत लागतात. २५६ केबी म्हणजे २,६२,१४४ बाइट. बाकीचं अख्खं नेटवर्क कसंही बसवलं तरी या एका क्षणापुढे ते अडतं.

इथे लोक दोन गोष्टी करतात. फोटो लहान करतात किंवा चॅनेल कमी करतात. दोन्ही रास्त आहेत आणि पुष्कळदा पुरतातही. पण फोटो लहान केला की लांबचं, बारीक असलेलं दिसेनासं होतं, आणि आपल्या कामात नेमकं तेच हवं असतं. एमआयटीतल्या साँग हान यांच्या गटाने २०२१ मध्ये एमसीयूनेट या मायक्रोकंट्रोलरसाठीच्या आपल्या कामाच्या दुसऱ्या आवृत्तीत वेगळी वाट धरली. पहिले काही थर संपूर्ण फोटोवर एकदम चालवायचेच नाहीत. फोटोचा एक तुकडा घ्यायचा, तो अनेक थर खोल नेऊन लहान करायचा, ते लहानसं उत्तर ठेवायचं, मधलं सगळं पुसायचं आणि पुढचा तुकडा घ्यायचा. वरच्या हिशेबात सोळा तुकडे केले, तर ९६ चॅनेलांची ती अवाढव्य जागा ६,१४,४०० वरून साधारण ४२,००० वर येते: २१ गुणिले २१ गुणिले ९६. फोटो स्वतः, चालू तुकडा, त्याचं उत्तर आणि जमत चाललेला निकाल हे सगळं धरूनही बेरीज पावणेदोन लाखांच्या आत राहते. हीच रीत थरांच्या पुढच्या एकदोन गटांनाही लावावी लागते, कारण तिथेही ४० बाय ४० वर १४४ चॅनेल होतात. पण वाट सापडलेली असते.

किंमत वेळेत मोजावी लागते. तुकड्याच्या कडेचं उत्तर काढायला शेजारच्या तुकड्यातले पिक्सेल लागतात, म्हणून कडा पुन्हा पुन्हा मोजल्या जातात. हा सौदा मला प्रामाणिक वाटतो. वेळ वाढली तर यंत्र सावकाश उत्तर देतं. मेमरी वाढली तर ते उत्तरच देत नाही. हान यांच्या गटाने प्रचलित नेटवर्कांची सर्वाधिक लागणारी मेमरी ४ ते ८ पटींनी खाली आणून दाखवली, आणि फोटोत माणूस आहे की नाही हे ओळखण्याचं काम ३२ केबी रॅममध्ये ९० टक्क्यांहून अधिक अचूकतेने करून दाखवलं. ३२ केबी! हा आकडा वाचल्यावर मी पान तिथेच मिटून बराच वेळ अंगणात फेऱ्या मारत होतो.

त्याच मोबाइलनेट व्ही२ मध्ये वेळेचा आणखी एक सूक्ष्म विचार आहे, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. काही थरांच्या डोक्यावरून एक आडवाट जाते: आत गेलेला टेन्सर जसाच्या तसा बाजूला थांबतो आणि शेवटी उत्तरात मिळवला जातो. मधलं काम चालू असेपर्यंत त्याला जागा अडवून बसावं लागतं. रेझनेट या जुन्या नेटवर्कमध्ये ही आडवाट रुंद टोकांना जोडते, २५६ चॅनेल थांबतात आणि मधले ६४ काम करतात. मोबाइलनेट व्ही२ ने ते उलटं केलं. थांबतात २४ आणि काम करतात १४४. थांबणाऱ्याने कमी जागा अडवावी, आणि ज्याला जास्त जागा लागते त्याने पटकन येऊन जावं. नेटवर्क आखणाऱ्यांनी हे रॅमचा विचार करून केलं आणि ते आपल्या शोधलेखात स्पष्ट लिहिलंही, याचं मला फार अप्रूप वाटतं. बेरीज-गुणाकारांची संख्या सगळेच मोजतात.

हे सगळं वाचून समजलं होतं, पण पटलं ते मामांच्या विहिरीवर.

मामांची तासगावकडे द्राक्षबाग आहे. विहिरीवर मोनोब्लॉक मोटार, शेडमध्ये ऑटोस्टार्टर. एका आठवड्यात लाइट दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. ती आली की मोटार आपली आपण चालू होते आणि तेव्हा शेडमध्ये कुणी असतंच असं नाही. बेअरिंग खराब होऊ लागलं की आवाज बदलतो, मग रोटर घासतो, मग वायंडिंग जळतं. छाटणीनंतर ऐन पाण्याच्या दिवसांत मोटार जळाली तर काय होतं हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको. मी काहीबाही सेन्सर, पॅनेल सुचवत होतो तेव्हा मामा म्हणाले, "अरे, मोटार जळाल्यावर कळतंच की. जळायच्या आधी कळलं तर बोल."

जळायच्या आधी ज्यांना कळतं ते गावातले वायंडिंगवाले. ते मोटार चालू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या जागी टेकवतात आणि मूठ कानाच्या मागे हाडाला लावतात. डोळे मिटून दोन-चार सेकंद ऐकतात आणि सांगतात, "पंख्याकडचं गेलंय." बरोबर निघतं. मला ते दोन-चार सेकंद डब्यात बसवायचे होते.

कंपन मोजणारी एक स्वस्त चिप सेकंदाला ३,२०० वेळा वाचता येते. एक आकडा २ बाइटांचा धरला तर सेकंदाला ६,४०० बाइट, तासाला २३ एमबी, आठ तासांच्या पाळीला १८४ एमबी, आणि हे एकाच अक्षाचं. एवढं सगळं दूरच्या सर्व्हरकडे पाठवून उत्तराची वाट बघण्यात मला काही अर्थ दिसेना. मोटारीचं दुखणं मोटारीजवळच कळावं आणि बाहेर जावा तो फक्त एक एसएमएस. मग प्रश्न पुन्हा तोच: कोण किती वेळ थांबणार?

कच्चं कंपन फार थोडा वेळ थांबतं. एका वेळी ५१२ आकडे, म्हणजे १,०२४ बाइट. त्यांचा एफएफटी काढला, म्हणजे कंपनातले जाडे-बारीक सूर गणिताने वेगळे केले, सुरांच्या ३२ पट्ट्यांत ऊर्जा मोजली, प्रत्येक पट्टीचा एक बाइट केला, की ते कंपन संपलं. पुढे सरकताना अर्धी खिडकी जुनी ठेवायची, अर्धी नवी भरायची. सेकंदभराच्या अशा ११ ओळी होतात. ११ गुणिले ३२, म्हणजे ३५२ बाइट. अख्ख्या सेकंदाचं ऐकणं ३५२ बाइटांत मावतं आणि नेटवर्कच्या दारात तेवढंच जातं. नवी ओळ आली की सगळ्यात जुनी जाते. फोनला हाक मारून जागं करणारे शब्द ओळखणारी छोटी मॉडेलंही याच रीतीने ऐकतात. तिथे ३० मिलिसेकंदांची खिडकी २० मिलिसेकंदांनी सरकते, सेकंदाच्या ४९ ओळी होतात, ओळीत ४० आकडे असले तर १,९६० बाइट.

थांबण्याचा हिशेब झाला की रुंदीचा. शिकवताना प्रत्येक आकडा ३२ बिटांचा असतो. चालवताना ८ बिट बहुतेक कामांना पुरतात, आणि फ्लॅश आणि रॅम दोन्ही सरळ चौथाईवर येतात. गूगलमधल्या बेनॉइट जेकब आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेली क्वांटायझेशनची, म्हणजे आकडे कमी बिटांत बसवण्याची, रीत आज सगळीकडे रूढ आहे: प्रत्येक टेन्सरला एक पायरी आणि एक शून्यबिंदू द्यायचा, आकडे पूर्णांकांत ठेवायचे आणि सगळं गणित पूर्णांकांतच करायचं. पायरी केवढी घ्यायची हे ठरवायला मॉडेलला खरे नमुने दाखवून त्याचे मधले आकडे कुठपासून कुठपर्यंत जातात ते बघतात. याला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात जास्त जीव लावून करायची पायरी ही आहे.

मोटारीचंच बघा. चालू मोटारीचे मधले आकडे उणे ८ ते अधिक ८ मध्ये फिरत होते असं धरा. २५५ पायऱ्यांत वाटले तर एक पायरी साधारण ०.०६ ची. आता स्टार्टर पडताना मोटारीला जो हिसका बसतो, त्या एका क्षणी तोच आकडा ८० वर जातो. तो नमुना कॅलिब्रेशनमध्ये आला, की उणे ८० ते अधिक ८० ला पुरण्यासाठी पायरी ०.६ च्या पुढे जाते. ०.३ पेक्षा लहान असलेलं सगळं शून्य होतं. नव्या बेअरिंगची आणि नुकत्याच बिघडू लागलेल्या बेअरिंगची खूण नेमकी तिथे असते. मोठं बिघडलेलं बेअरिंग तर कुणालाही ऐकू येतं. म्हणून चालू झाल्यावरचे पहिले काही सेकंद आम्ही नमुन्यांतूनही काढले आणि डब्यालाही ते ऐकायचेच नाहीत असं सांगितलं. रात्रीच्या पाळीचे, व्होल्टेज कमी असतानाचे, विहीर भरलेली आणि तळाला गेलेली असतानाचे नमुने मात्र आवर्जून घेतले. हे नमुने गोळा करायला मामांनी वहीत वेळा लिहून ठेवल्या होत्या, ऑफिसात बसून ते मला कधीच सुचलं नसतं.

छाटणीबद्दल, म्हणजे प्रूनिंगबद्दल, थोडक्यात बोलतो. यान लेकून, जॉन डेंकर आणि सारा सोला यांनी १९८९ मध्येच दाखवलं होतं की शिकलेल्या नेटवर्कमधली पुष्कळ वेट्स काढून टाकता येतात. २०१५ मध्ये साँग हान आणि सहकाऱ्यांनी छाटणी, क्वांटायझेशन आणि हफमन कोडिंग (वारंवार येणारे आकडे कमी बिटांत लिहिण्याची रीत) एकत्र करून ॲलेक्सनेट हे फोटो ओळखणारं नेटवर्क २४० एमबीवरून ६.९ एमबीवर आणलं. काम मोठंच आहे. पण विखुरलेली वेट्स काढली की उरलेली कुठे आहेत याचे पत्ते ठेवावे लागतात, आणि मधले आकडे पूर्वी होते तेवढेच राहतात. फाइल लहान होते, रॅम तेवढीच लागते. मायक्रोकंट्रोलरवर रॅमसाठी छाटणी करायची तर अख्खे चॅनेल काढावे लागतात. पूर्ण चॅनेल कापणं आणि सुटी वेट्स शून्य करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विकणाऱ्यांनी त्या एकाच नावाखाली विकू नयेत.

मेमरीचा विचार बसण्या-न-बसण्यापुरताही नाही. स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेले ४५ नॅनोमीटर चिपमधल्या विजेच्या खर्चाचे आकडे मी नव्या मुलांना नेहमी दाखवतो. ३२ बिटांचा एक फ्लोट, म्हणजे दशांश आकड्यांचा, गुणाकार ३.७ पिकोज्यूल. ८ बिटांची पूर्णांक बेरीज ०.०३. आणि चिपबाहेरच्या डीरॅममधून ३२ बिट नुसते आणायचे, तर ६४०. विचार करायला जेवढी वीज लागते त्याच्या शेकडो पट आठवायला लागते. छोट्या सेलवर चालणाऱ्या यंत्राचं आयुष्य त्याची मेमरी ठरवते.

या विषयात आपल्या देशात झालेलं काम पुरेसं सांगितलं जात नाही. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियामध्ये आशिष कुमार, सौरभ गोयल आणि मनीक वर्मा यांनी २०१७ मध्ये अगदी छोट्या चिपवर ओळखण्याची कामं करणारी बोन्साय नावाची पद्धत मांडली. लक्ष्य होतं आर्डुइनो उनो: ८ बिटांचा प्रोसेसर, ३२ केबी फ्लॅश आणि २ केबी रॅम. फ्लोट गणिताचं हार्डवेअर नाही. त्यांनी निर्णयांचं एकच बुटकं, विरळ झाड शिकवलं. माहिती आधी कमी मापांच्या जागेत उतरवायची आणि मग वाटेत लागणाऱ्या प्रत्येक गाठीकडून थोडं थोडं उत्तर गोळा करायचं. त्याच प्रयोगशाळेतून पुढे जेश्चरपॉड आला. दृष्टिहीन माणसाच्या पांढऱ्या काठीला अडकवायचा छोटा डबा. काठी दोनदा टेकवली किंवा मुठीत फिरवली की हालचाल काठीवरच ओळखली जाते आणि खिशातला फोन काम करतो. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी असलेल्या माणसाला फोन काढावा लागत नाही.

आणि आपल्या कपाशीच्या पट्ट्यातलं काम. गुलाबी बोंडअळीसाठी शेतात कामगंध सापळे लावतात. सापळ्यात सलग तीन रात्री, रात्रीला आठ या प्रमाणात पतंग सापडले की फवारणीची वेळ आली असं धरतात. २०१७ च्या खरिपात या अळीने महाराष्ट्रात केलेला नाश आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने गेलेले शेतकरी आणि शेतमजूर ज्यांना आठवतात, त्यांना मोजून फवारण्याचं मोल सांगावं लागणार नाही. मुंबईच्या वाधवानी एआयने सापळ्यात पडलेल्या पतंगांच्या फोटोवरून ते मोजणारं ॲप बनवलं, आणि शेतात रेंज नसते म्हणून मॉडेल आकसून फोनमध्येच बसवलं. त्यावरचा त्यांचा लेख २०२० च्या केडीडी या डेटा मायनिंगच्या परिषदेत आला. मॉडेल लहान करणं हा तिथे वेग वाढवायचा उपाय नव्हता. ते लहान झालं नसतं तर वावरात पोचलंच नसतं.

फोनवरून आठवलं. हल्ली भाषेची मोठी मॉडेलं फोनवर, छोट्या बोर्डांवर चालवायची धडपड चालू आहे, आणि तिथे थांबण्याचा प्रश्न नव्या रूपात येतो. अशी मॉडेलं साध्या यंत्रांवर चालवणाऱ्या जॉर्जी गेर्गानोव यांच्या लामा.सीपीपी या प्रोग्रॅममुळे २०२३ पासून ४ बिटांची वेट्स घरोघर पोचली: ३२ वेट्सचा एक गट, त्यांची मिळून एक १६ बिटांची मोजपट्टी (स्केल), म्हणजे वेटमागे साडेचार बिट. ७०० कोटी वेट्सचं मॉडेल १४ जीबीवरून ४ जीबीच्या आसपास येतं. पण संभाषणातला प्रत्येक तुकडा, प्रत्येक टोकन, पुढचे सगळे तुकडे वाचून होईपर्यंत मेमरीत थांबून राहतो. मेटाच्या लामा २ या ७०० कोटींच्या मॉडेलमध्ये ३२ थर, ४,०९६ ची रुंदी, की आणि व्हॅल्यू अशा दोन प्रतींत, १६ बिटांत: एका टोकनला ५,२४,२८८ बाइट. अर्धा एमबी! ४,०९६ टोकनांचं संभाषण झालं की त्यांचेच २ जीबी. मिस्ट्रल कंपनीच्या मॉडेलने मागचे तुकडे बघणाऱ्या ३२ भागांऐवजी (त्यांना हेड म्हणतात) फक्त ८ भागांच्या प्रती ठेवून ते चौथाईवर आणलं आणि ठरावीक अंतरामागचं पुसत जायचं ठरवलं. मोटारीच्या ११ ओळींसारखंच, नवं आलं की जुनं जातं.

मराठी माणूस म्हणून मला यात एक गोष्ट लागते. टोकन म्हणजे शब्द नव्हे. लामा २ च्या शब्दसाठ्यात ३२,००० तुकडे आहेत आणि त्यात देवनागरीचा वाटा फार थोडा. रोजचा इंग्रजी शब्द बहुधा एका तुकड्यात मावतो. "पाऊस" मात्र अक्षर, मात्रा असा सुटा होतो, आणि जे चिन्ह साठ्यात नाही ते तर तीन तीन बाइटांत तुटतं. चार चिन्हांचे चार तुकडे धरले तरी २ एमबी. तोच प्रश्न मराठीत विचारला की त्याच फोनची मेमरी लवकर भरते, बॅटरी लवकर उतरते आणि मॉडेलला आधीचं बोलणं लवकर विसरावं लागतं. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण भार आपल्यावर पडतो, आणि ज्याच्याकडे स्वस्त फोन आहे त्याच्यावर सगळ्यात जास्त.

शब्दसाठा मोठा केला तर? गूगलच्या जेमा २बी या भाषेच्या मॉडेलमध्ये अडीच लाखांहून अधिक तुकडे आहेत, देवनागरीला बरी जागा आहे. पण प्रत्येक तुकड्यामागे २,०४८ आकड्यांची एक ओळ लागते, आणि तो तक्ताच ५२ कोटींच्या वर जातो. ४ बिटांत धरला तरी २६० एमबी. आत येताना एका टोकनला त्यातली एकच ओळ लागते, ती फोनच्या साठवणीतून तेवढ्यापुरती वाचता येते. उत्तर देताना मात्र पुढचं टोकन निवडायला अख्खा तक्ता चाळावा लागतो. एकच तक्ता, आत येताना क्षणभराचा पाहुणा, बाहेर जाताना कायमचा भाडेकरू.

म्हणून सध्या संध्याकाळी मी आणि माझ्याकडे शिकायला येणारी दोन मुलं या तक्त्यावर बसलो आहोत. देवनागरी, रोमन, आकडे आणि विरामचिन्हं ठेवायची, आपल्याकडे कधीच न येणाऱ्या लिप्यांच्या ओळी वगळायच्या, आणि उरलेल्यांना नवे क्रमांक द्यायचे. मॉडेलच्या आतल्या वेट्सना हात लावावा लागत नाही. जोडाक्षरांचे तुकडे कुठले ठेवायचे यावर आमचा वाद चालू आहे; "ष्ट" आणि "ज्ञ" ठेवा असं एकीचं म्हणणं, "च्या" आणि "मध्ये" ठेवा असं दुसऱ्याचं. दोघांनाही मोजून आणायला सांगितलं आहे.